जिममधला पाट

आमच्या सोसायटीच्या जिममध्ये मी रोज सकाळी तासभर असायचो. त्यातला थोडा वेळ व्यायाम व्हायचा. उरलेला वेळ मी इतरांचा व्यायाम बघायचो, आणि तो कुणालाच धड येत नाही हे बघून आतल्या आत चडफडायचो. ही खोड मला जिमने लावली असं नाही. पंगतीत चटणी कुठल्या बाजूला वाढली इथपासून शेजारच्याने गाडी रिव्हर्स कशी घेतली इथपर्यंत सगळ्यांना मी जन्मभर गुण देत आलोय. नोकरीत तक्रार विभागात होतो, तिथे ही खोड खपून गेली. निवृत्त झाल्यावर तिला मोकळं रान मिळालं. बायको म्हणते, "तुम्हाला कुणी परीक्षक नेमलंय का? मानधन तरी मागून घ्या."

जिमला जायला कारण झालं मुलीचं लग्न. मार्गशीर्षातला मुहूर्त निघाला होता. जेवताना ती सहज म्हणाली, "बाबा, कन्यादानाला तुमच्यासाठी खुर्ची सांगून ठेवू ना हॉलवाल्यांना?"

माझा उजवा गुडघा त्याआधी बरेच दिवस कुरकुरत होता. मांडी घालून बसलो की उठवायला दोन माणसं लागायची, एक हात द्यायला आणि एक सल्ला द्यायला. त्यामुळे तिचं विचारणं रास्तच होतं. तरी मला ते झोंबलं, आणि का झोंबलं ते सांगायला हवं. पनवेलला नात्यातल्या एका लग्नात मुलीचे वडील कन्यादानाला खुर्चीवर बसले होते. पहिल्या रांगेतून मी सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणालो होतो, "कन्यादानाला बसलेत की नाटकाला?" साताऱ्याचे आमचे थोरले मावसभाऊ डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले होते आणि तो विनोद त्यांनी माझ्या नावानिशी सगळ्या गोतावळ्यात पोचवला होता. तेच मावसभाऊ आता माझ्या मुलीच्या लग्नाला पहिल्या रांगेत बसणार होते.

"खुर्ची नको," मी म्हणालो. "मी पाटावर मांडी घालून बसणार आणि कुणाचा हात न धरता उठणार." मुलीने आईकडे बघितलं. आईने आमटीच्या पातेल्याकडे बघितलं.

हाडांच्या डॉक्टरांनी सांगितलं, मांड्यांत ताकद आणा. म्हणून क्लबहाऊसच्या तळमजल्यावरची ती जिम मी पहिल्यांदा आतून पाहिली. ट्रेनर जवळच्या दिवाळे गावच्या कोळीवाड्यातला. घरच्या होड्या, पण हा मासळीऐवजी माणसांच्या मागे लागलेला. त्याने माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं, एक प्लास्टिकची खुर्ची ओढली आणि म्हणाला, "हात न लावता बसायचं, हात न लावता उठायचं. रोज."

"अरे, हे मी ऑफिसात जन्मभर केलं," मी म्हणालो. "मला खुर्चीवर बसायचंच नाहीये. तिथेच तर सगळं भांडण आहे."

"काका, आधी खुर्ची जमू दे, मंग पाट. डायरेक खाली गेलात तर वर कोन काढनार?"

मी खुर्चीवर बसलो. बसणं उत्तम जमलं. उठणं मात्र मागे पडलं, कारण त्या खुर्चीवरून सगळी जिम दिसायची. समोर भिंतभर आरसा असल्यामुळे पाठीमागचेही दिसायचे. मीसुद्धा दिसत असणार, पण स्वतःकडे बघायला वेळ कुणाला होता!

माझे खास विद्यार्थी दोन. एक एपीएमसीतले कांदा-बटाट्याचे शेठ. पहाटेचा बाजार आटोपून ते जिममध्ये यायचे आणि खांद्यावर रॉड घेऊन बैठका मारायचे. बैठका म्हणजे काय, तर पलंगाखाली चप्पल आहे का बघायला माणूस जितका वाकतो तितकं ते वाकायचे. वर येताना मात्र गोण्यांचा अख्खा ट्रक एकट्याने उतरवल्यासारखे हुंकारायचे. दुसऱ्या आमच्याच विंगमधल्या, बाराव्या मजल्यावरच्या काकू. त्या पंजाबी ड्रेसवर नवेकोरे बूट घालून ट्रेडमिलवर चढायच्या, दोन्ही बाजूंचे दांडे घट्ट धरायच्या आणि कानात वायर खुपसून बहिणीशी बोलायला लागायच्या. त्यांच्या सुनेचा सगळा स्वभाव मला त्या पट्ट्यावरून कळला.

बरं, मी नुसता बघून गप्प बसावं, तर तेही नाही. "शेठ, गुडघा पंजाच्या पुढे जातोय तुमचा," मी खुर्चीवरून सांगायचो. हे वाक्य मी मोबाइलवरच्या एका व्हिडिओत ऐकलं होतं आणि मला ते भलतंच आवडलं होतं. घरीही येता-जाता म्हणायचो. बायको भाजीची पिशवी उचलायला वाकली तरी म्हणायचो.

"आसं व्हय?" शेठ म्हणायचे. "बरं झालं सांगितलंत." आणि पुढची बैठक तश्शीच मारायचे.

"काकू, दांडे सोडून चाला."

"सोडले आणि पडले तर तुम्ही धराल का? आधी तुम्ही खुर्ची तर सोडा." हे ऐकून बहीण पलीकडे हसायची, ते मला इकडे कळायचं, कारण काकू तिला सगळं परत सांगायच्या.

ट्रेनर अधूनमधून विचारायचा, "काका, झालं का तुमचं?" मी म्हणायचो, "आत्ताच सेट संपला." खरं तर तो सुरूच झालेला नसायचा.

नवरात्रात एकदा बायको भाजीला गेलेली बघून मी घरी चाचणी घेतली. पाट मांडला, बसलो. उठायच्या वेळी सोफ्याचा हात धरला, मग टीपॉयचा पाय, मग टीपॉयवरचं कापड. शेवटी कापड, वर्तमानपत्र आणि चष्म्याचं घर असे सगळे मिळून खाली आलो. यावरून मी निष्कर्ष काढला की ट्रेनरचा खुर्चीचा व्यायाम कुचकामी आहे. तो मी केलाच नव्हता, ही बाब मला त्यावेळी किरकोळ वाटली. पाटावर बसायचं तर सराव पाटावरच हवा, असं ठरवून मी आमचा पितळी फुलांचा शिसवी पाट काखोटीला मारला आणि लिफ्टमध्ये शिरलो.

लिफ्टमध्ये काकू होत्या. "सत्यनारायण आहे का कुणाकडे?"

"नाही," मी म्हणालो. "लेग डे."

जिममध्ये पाट ठेवला खरा, पण सगळ्यांसमोर त्यावर बसायचा धीर होईना. आज नको, उद्या बसू, असं म्हणत मी तो कोपऱ्यात उभा करून घरी आलो.

दसऱ्याला सकाळी जिममध्ये गेलो तर सगळ्या मशिनना झेंडूच्या माळा घातलेल्या. ट्रेडमिलच्या कपाळाला हळदीकुंकू. आणि मधोमध, भोवती रांगोळी काढून, माझा पाट मांडलेला. त्यावर डंबेलची जोडी, वर आपट्याची पानं आणि फुलं. आमच्याकडे दसऱ्याला हत्यारं पुजतात. सुताराचा रंधा, ड्रायव्हरची गाडी, तशी ट्रेनरची ही डंबेलं.

"काका, बरं झालं पाट आनलात," ट्रेनर म्हणाला. "पाट तुमचा, पूजेला तुमीच बसा." पुढे योगाची मॅट अंथरलेली होती. सगळी बॅच भोवती उभी होती, शेठ झब्बा घालून, काकू साडी नेसून. नाही म्हणायचं माझ्या तोंडावर आलं होतं. पण यजमान म्हणून आपल्यालाच बोलावलं याचा आनंदही झाला होता, आणि तोच जिंकला.

बसताना निघालेला आवाज मी घंटेत दडपला. हळदकुंकू, फुलं, उदबत्ती सगळं झक्क झालं. मग ट्रेनरने तबक माझ्या हातात दिलं आणि माझ्या लक्षात आलं, आरतीला उभं राहायचं असतं. मी एक प्रयत्न केला. गुडघ्याने साफ नकार दिला. मग मी बसल्याबसल्याच मोठ्याने आरती सुरू केली. यजमान खाली, बाकी सगळे वर. गणपतीची झाली, देवीची झाली, शंकराची झाली. ज्या आरत्या घरी मला येत नाहीत असं बायको म्हणते, त्याही त्या दिवशी आल्या. मंत्रपुष्पांजली झाली. आता काहीच उरलं नव्हतं, म्हणून मी डोळे मिटले.

"तंद्री लागलीय त्यांची," काकू कुजबुजल्या.

"भाव लई दांडगा हाय मानसाचा," शेठ म्हणाले.

भाव कसला, घाम फुटला होता. मिटल्या डोळ्यांनी मी दोन्ही हातांनी गुडघा दाबून बसलो होतो, आणि डोळ्यांसमोर पहिल्या रांगेतले मावसभाऊ हसत होते.

तेवढ्यात मुलीचा आवाज आला. बायकोने तिला प्रसादाचे पेढे घेऊन पाठवलं होतं. मी एक डोळा किलकिला केला. तिने माझ्या चेहऱ्याकडे बघितलं, मग माझ्या हातांकडे. "बाबा पूजा झाली की थोडा वेळ असेच बसतात," ती सगळ्यांना म्हणाली. "चला, पेढे बाहेर घेऊ या." आणि अख्खी बॅच तिने टेबल टेनिसच्या खोलीत नेली.

थोड्या वेळाने ती एकटीच परत आली आणि माझ्यासमोर फरशीवर मस्त मांडी घालून बसली.

"अडकलात?"

"बसलोय."

"बरं. मग मीपण बसते."

आम्ही बसून राहिलो. मला तिचा रागही आला आणि ती आली म्हणून बरंही वाटलं. शेवटी मी हात पुढे केला. तिने मला उठवलं, झब्ब्यावरची रांगोळी झटकली. आईला सांगणार नाही असं मी न विचारताच म्हणाली.

त्यानंतर मी खरोखर खुर्चीवरून उठबस करायला लागलो. शेठना वाकायचे तितकं वाकू दिलं, काकूंना दांडे धरू दिले, निदान मोठ्याने काही बोललो नाही. खुर्ची हळूहळू जमली. पाट मात्र जमला नाही. मार्गशीर्ष काही माझ्या गुडघ्यासाठी थांबणार नव्हता. खुर्चीचा विषय तिने काढला नाही आणि मीही काढला नाही. कन्यादानाला पाटावर बसायचं आणि मावसभाऊ जेवायला उठेपर्यंत उठायचंच नाही, असं मी मनाशी पक्कं केलं होतं.

लग्न वाशीच्या हॉलमध्ये होतं. गुरुजींनी कन्यादानाला हाक मारली, आम्ही दोघं स्टेजवर गेलो, आणि बघतो तर पाट कुठेच नाही. नवऱ्याला खुर्ची, नवरीला खुर्ची, आम्हा दोघांना खुर्च्या.

"नवरीची पाठ धरलीय," गुरुजी म्हणाले. "शालूत खाली बसवत नाही म्हणाली. मग म्हटलं, सगळ्यांनाच वर बसवू."

मी मुलीकडे बघितलं. ती हिरव्या चुड्याकडे बघत होती. दसऱ्याला फरशीवर मस्त मांडी घालून बसलेली ही मुलगी. हिची पाठ आयुष्यात कधी धरली नव्हती.

आम्ही बसलो. आणि पहिल्या रांगेतून मावसभाऊंचा आवाज आला, सगळ्यांना ऐकू जाईल असा. आमच्या घराण्यात आवाज चांगले आहेत. "काय या आजकालच्या पोरी! स्वतःच्या लग्नात घटकाभर मांडी घालवत नाही, ह्या संसार काय करणार?"

आजूबाजूचे हसले. नवऱ्याकडची मंडळी हसली नाहीत, त्यांनी एकमेकांकडे बघितलं. मुलीने माझ्या मनगटावर हात ठेवला आणि दाबला. गप्प बसा, असा त्याचा अर्थ होता. गप्प बसणं मला जन्मात जमलं नाही, ते त्या दिवशीही जमलं नाही.

मी उठलो. कुणाचाही हात न धरता उठलो.

"तिला येते मांडी घालता," मी म्हणालो. "मला येत नाही, भाऊ. या सगळ्या खुर्च्या माझ्या एकट्यासाठी मांडल्यात."

पनवेलचे ते वडील कुठे बसलेत ते मला दिसेना, पण ते आलेले होते. गुरुजी म्हणाले, "यजमान, बसा आता, वेळ होतोय." मी बसलो. मुलीचे डोळे वाहत होते, बायको तिला रुमाल देत होती. रुमाल घेताघेता ती माझ्या कानाशी वाकली.

"बाबा," ती म्हणाली, "उठताना गुडघा पंजाच्या पुढे गेला तुमचा."