आपल्यात कागद कसला!

मीनलचा फोन आला तेव्हा मी शाळेच्या स्टाफरूममध्ये वह्या तपासत होते. "वैशाली, अवि गेला गं," एवढंच ती म्हणाली. अविनाशदादा म्हणजे माझ्या या मैत्रिणीचा नवरा. मूळचा नाशिकचा, इथे दोह्यात गॅस कंपनीत इंजिनिअर. सकाळी साइटवर छातीत कळ आली आणि दुपारपर्यंत सगळं आटोपलं. मीनल आणि सई, त्यांची बारावीतली मुलगी, त्याला घेऊन नाशिकला गेल्या. इकडे आमच्या मराठी मंडळाने शोकसभा घेतली. तिथे त्याच्याबद्दल इतकं गोड बोललं गेलं की मी मधूनच उठून आले. काही महिने लोटले तरी माझा राग उतरलेला नाही, तेव्हा हा लेख गोड होणार नाही हे आधीच सांगून टाकते.

दादाची माझी खरी ओळख झाली ती अल नस्र भागातल्या त्यांच्या गृहप्रवेशाच्या दिवशी. ती अख्खी इमारत एका कतारी मालकाकडून नानांनी भाड्याने घेतलेली, आणि नाना ती फ्लॅट-फ्लॅट करून आपल्या लोकांना भाड्याने देत. नाना म्हणजे मंडळातलं बडं प्रस्थ. गणपतीची आरती त्यांच्या हातून, नव्याने आलेल्याला घर त्यांच्या शब्दावर. कोणी कराराचं नाव काढलं की ते खांद्यावर हात टाकून म्हणायचे, "अहो, आपल्यात कागद कसला!" आणि आपली शिकली-सवरलेली माणसं, ऑफिसात पानापानावर सह्या घेणारी, खूश होऊन सामान उतरवायची. नव्या घरात दूध उतू घालवायचं, तोरण बांधायचं, पेढे वाटायचे. करार पुढे कधीतरी.

मी शिरा घेऊन पोचले तेव्हा शेगडीवर दुधाचं पातेलं चढलेलं होतं. नाशिकहून दादाची आई व्हिडिओ कॉलवर, हळदीकुंकवाचं ताट पुढ्यात घेऊन मुहूर्ताला टपून बसलेली. आणि दादा शेगडीसमोर पाठ करून उभा. "कागद आल्याशिवाय शेगडी पेटणार नाही," म्हणाला. त्याला मालकाची लेखी परवानगी हवी होती, आणि बलदियात, म्हणजे इथल्या नगरपालिकेत, नोंदवलेला करार हवा होता. नाना दारातच उभे होते, त्यांचा चेहरा पडला. मुहूर्त टळला. "अवि, लोकांसमोर माझं हसं केलंस," असं म्हणून आईंनी फोन ठेवला, त्या बरेच दिवस त्याच्याशी धड बोलल्या नाहीत. दूध नासलं. करार नोंदवून हातात आला त्याच संध्याकाळी नवं दूध आणून त्याने स्वतः उतू घालवलं, आणि पुसायलाही स्वतःच बसला.

तेव्हापासून मंडळात त्याचं नाव पडलं 'वकीलसाहेब'. चेष्टेत तोही सामील व्हायचा. कोणी नवं घर बघायला निघालं की आपणहून बरोबर जायचा आणि गाडीत शिकवणी सुरू व्हायची. "कंपनीचं घर नोकरीबरोबर जातं. व्हिलात पार्टिशन घालून केलेली खोली त्या पार्टिशनबरोबर जाते. आणि आपल्यातलं घर मर्जीबरोबर जातं. चौथं नोंदवलेलं, तेवढंच आपलं." पुण्याचं एक तरुण जोडपं हसून त्याला टाळून गेलं. बलदियाचे लोक त्यांच्या व्हिलातल्या बेकायदा भिंती पाडायला आले तेव्हा ती मुलगी आठवा महिना भरलेली, फुटपाथवर बॅगांवर बसून होती. तिला घरी घेऊन आला तो दादाच. "सांगितलं होतं" हे शब्द त्याच्या तोंडून मी ऐकले नाहीत. मी असते तर दहादा ऐकवलं असतं.

आणि आता ऐका. सईची बोर्डाची परीक्षा तोंडावर होती म्हणून तेरावं उरकून मायलेकी परत आल्या. मीनलला इथे स्वतःची नोकरी आहे, स्वतःचा व्हिसा आहे, त्यामुळे राहण्यात अडचण नव्हती. बॅगा अजून उघडल्या नव्हत्या तोच नाना संत्र्यांची पिशवी घेऊन आले. मी तिथेच होते. शोकसभेत 'तत्त्वाचा माणूस' म्हणून गळा काढणारे हेच नाना.

"वहिनी, अवि माझा धाकटा भाऊच होता हो," ते म्हणाले. मग घसा खाकरला. "पण काय आहे, करार त्याच्या नावावर. तो गेला, करार खलास. एक फॅमिली थांबलीय. महिनाअखेर रिकामं केलंत तर बरं. तुम्हालाही लहानसं काहीतरी मिळेल, इन्शाल्ला."

"नाना, सईचे पेपर आहेत," मीनल म्हणाली.

"पोरं कुठेही अभ्यास करतात हो."

सई आतल्या दारात उभी होती. "आँटी, ही कान्ट डू दॅट, राइट?" तिने मला विचारलं. मी तोंड उघडणार एवढ्यात मीनलच बोलली, आवाज न चढवता. "नाना, भाडेकरू वारला म्हणून करार संपत नाही. वारसांना मुदत संपेपर्यंत राहता येतं. अविने पाठ करून घेतलंय माझ्याकडून. आणि करार नोंदवलेला आहे. तुम्हाला वाटत असेल तर भाड्याच्या तंट्यांची समिती आहे, तिथे जाऊ."

नाना दुखावले. खरंच दुखावले, हे महत्त्वाचं! "आता आपल्यात कायदा काढणार, वहिनी?"

मग मात्र मला राहवलं नाही. "तो आपल्यातला होता म्हणून तर त्याची चिता विझायच्या आत घर मागायला आलात," मी म्हणाले. "ही संत्री घेऊन जा." ते गेले. संत्री तिथेच राहिली. दुसऱ्या दिवशी मी ती वॉचमनला देऊन टाकली.

समितीपर्यंत जावं लागलं नाही. सईने त्याच घरात, बापाच्या टेबलाशी बसून अभ्यास केला आणि सगळे पेपर दिले. पण मंडळात काय पसरलं? 'वहिनींनी सुतकातसुद्धा कायदा सोडला नाही.' दोघी-तिघी मीनलला समजवायला आल्या, नानांची क्षमा माग म्हणून. क्षमा! नवरा गमावलेल्या बाईने, तिला बाहेर काढू पाहणाऱ्याची! गिधाडाला गिधाड म्हणायला आपण इतके का कचरतो, आणि स्वतःचं घर धरून बसलेल्या बाईला इतक्या चटकन कजाग का म्हणतो, मला कळत नाही. कळून घ्यायचंही नाही.

परीक्षा संपल्यावर मीनलनेच नानांचं घर सोडलं, तिच्या सवडीने. दोह्याबाहेर उम्म सलाल मोहम्मद गावात दोन खोल्या घेतल्या, थेट मालकाकडून, तिच्या नावावर. परवा मी शिरा करून नेला. शेगडीवर तेच पातेलं, बूड जरासं काळवंडलेलं. सईच्या हातातल्या फोनवर नाशिकच्या आई, मोकळ्या कपाळाची सून बघून त्यांचे डोळे भरून आलेले. मुहूर्त अगदी जवळ आला होता. मीनलने लायटर उचलला.

"थांब," फोनमधून आई म्हणाल्या. "कागद आला का गं?"

"नोंदवायला दिलाय आई, संध्याकाळपर्यंत येईल. मुहूर्त टळेल पण."

"टळू दे," आई म्हणाल्या. "दूध फ्रीजमध्ये ठेव. मी बसलेय इथे."