जपानी कौलांची खोली

मी धुळ्याला देवपुरातल्या शाळेत मास्तर होतो. खान्देशातल्या रुईच्या गाठी तेव्हा जपानला जात. धुळ्याचे एक व्यापारी शेटजी एकदा स्वतःच तिकडे जाऊन आले आणि येताना दोन पेट्या भरून घरांवरची कौलं घेऊन आले. बंगल्यातल्या एका खोलीत ती मांडून त्यांनी दारावर ‘जपानी कौलांचे संग्रहालय’ अशी पाटी लावली. रविवारी कोणालाही आत सोडत.

माझा थोरला भाऊ जळगावजवळ पिंप्राळ्याला कुंभारकाम करायचा. मडकी सगळेच करत, पण भाऊची कौलं नावाजलेली. चाकावर नळी ओढायची, उभी चिरायची, एका नळीची दोन कौलं व्हायची. रेल्वेने मंगळुरी कौलं येऊ लागली आणि त्याचं काम बसत गेलं. दिवाळीत तो माझ्याकडे आला होता. चार घटका मन रमेल म्हणून मीच त्याला तिथं नेलं.

कौलं राखाडी होती, पारव्याच्या मानेसारखी चमकत होती. आढ्याच्या टोकाला बसवायचं एक कौल तर शिंगं असलेल्या राक्षसाचं तोंडच होतं. “हात लावू नका,” खोली दाखवणारे शेटजींचे दिवाणजी म्हणाले. भाऊने लावलाच. टिचकी मारली तर काशाच्या भांड्यासारखा आवाज आला.

“हाऊ रंग नही,” तो हळूच मला म्हणाला. “धूर कोंडेल शे.”

आमच्याकडे काळी मडकी अशीच भाजत. जाळ उतरला की भट्टीची तोंडं लिंपायची आणि धूर आत अडवायचा. पण कौल असं करायचं कधी कोणाला सुचलं नव्हतं.

“माती कसली?” त्याने विचारलं.

“ते काही मला ठाऊक नाही,” दिवाणजी म्हणाले. “एकदा शाकारलं की नातवंडांनाही वर चढावं लागत नाही म्हणे.”

शेटजी परगावी होते, म्हणून घरी परतल्यावर भाऊने मला त्यांना पत्र लिहायला लावलं. माती कसली, धूर किती वेळ, सगळं विचारायला सांगितलं. आठवड्यात उत्तर आलं. शेटजींनी कारकुनाकरवी कळवलं होतं की, कौलं डोळ्यांना बरी वाटली म्हणून आणली, ती कशी करतात हे विचारायचं राहिलं. भाऊचा हिरमोड नको म्हणून मी ते पत्र ट्रंकेत टाकलं. भाऊला म्हणालो, “अजून काही आलं नाही.”

तो थांबला नाही. मेहरूणच्या तळ्यातली माती आणून उन्हाळाभर त्याने भट्ट्या लावल्या. पहिली भट्टी उघडली तेव्हा मी तिथं होतो. निम्मी कौलं तडकलेली, बाकीची वाकडी. सरळ निघाली ती सात. ती सात मात्र खरंच चमकत होती. टोपलीत घालून तो मला बरोबर घेऊन नवं घर बांधणाऱ्या एका पाटलांकडे गेला. पाटलांनी एक उचलून पाहिलं. “अरे, जळक्या घराची कौलं माझ्या घरावर घालू?” ते म्हणाले. भाऊने टोपली उचलली आणि आम्ही परत आलो.

दुसरी भट्टीही वाया गेली, तिसरीही. मडक्यांचं काम त्या नादात सुटलं. गिऱ्हाइकं दुसऱ्या कुंभाराकडे वळली ती वळलीच. मी गेलो की भाऊ पाणी देण्याआधी विचारायचा, “कागद उना का?” मी नाही म्हणायचो.

एकदा वहिनी मला ओट्यावर एकट्याला म्हणाली, “भाऊजी, तुम्ही त्यांना तिथं न्यायला नको होतं.”

पावसाळ्यानंतर भाऊ कापसाच्या जिनात कामाला लागला. सरकी वेगळी करायच्या खात्यात. खोकला वर्षभरातच सुरू झाला. एके सकाळी मी जिनाच्या फाटकाशी त्याला गाठलं आणि पत्राचं सांगून टाकलं. कधी आलं, काय लिहिलं होतं, सगळं.

त्याने ऐकून घेतलं. रागावला असता तर बरं झालं असतं. भोंगा झाला तसं त्याने खांद्यावरचं फडकं नाकातोंडाला बांधलं. “वहिनीकडे भाकर खाऊन जा,” म्हणाला आणि आत गेला.