सभेआधीचं इतिवृत्त

सचिवसाहेबांनी स्वतः उठून खुर्ची पुढे ओढली, तेव्हाच टाइपबाईच्या मनात पाल चुकचुकली. एकोणीस वर्षांत या माणसाने तिला साधं ‘बसा’ म्हटलं नव्हतं. आणि आज म्हणे, “बाई, संस्थेच्या पुढच्या अध्यक्ष तुम्हीच! काम बायकांचं, मग वर बाई नको?”

घरी लेक हरखून गेली. “आई, अध्यक्ष! आणि तू अशी तोंड पाडून काय बसलीस?”

“हरभऱ्याच्या झाडावर चढवतायत मला. कुठेतरी पाणी मुरतंय.”

“तुला ना, कुणी फूल दिलं तरी आधी त्यात मुंगी दिसते.”

“असतेच गं मुंगी!”

हा संशय काही तिने हौसेने पाळला नव्हता. नवऱ्याचं घर सोडलं तेव्हा हीच लेक कडेवर होती. संस्थेच्या वरच्या मजल्यावर महिला निवारा होता, चौदा खाटांचा. तिथल्या तीन नंबरच्या खाटेवर ती दोन दिवसांसाठी टेकली आणि आठ महिने राहिली. खालच्या कचेरीत टायपिंग शिकली, तिथेच चिकटली. कुणी फार हसून बोललं की आधी दार कुठे आहे ते बघायचं, एवढं शहाणपण मात्र ती सासरहून घेऊन आली होती.

संस्थेची एक रीत होती, बाहेरच्याला सांगितली तर खोटी वाटेल. सभा गुरुवारी, पण सभेचं इतिवृत्त मंगळवारीच तयार. कोण काय बोललं, कुणी अनुमोदन दिलं, ‘एकमताने मंजूर’, सगळं आधीच. पुरुषमंडळी चहावर काय ते ठरवायची, सचिव सांगायचे, ही टाइप करायची. सभेत नुसत्या सह्या. समितीवर बाई एकच, दातांची डॉक्टरीण. अध्यक्षपदासाठी टाइपबाईचं नाव सुचवलं ते तिनेच, आणि मंडळींनी ते लगेच उचलून धरलं. म्हणून टाइपबाईला तिचाही भरवसा वाटेना. ही पण त्यांच्यातलीच, दुसरं काय!

अध्यक्ष झाल्यावरच्या पहिल्या सभेच्या आदल्या दिवशी, बुधवारी सकाळी, ती सवयीने खुर्च्या मांडायला गेली. अध्यक्षबाई खुर्च्या मांडतेय, काय म्हणावं! टायपिंग आता नव्या कारकुनाकडे होतं. पण कागदांच्या कपाटाची किल्ली हिच्याच पर्समध्ये राहिली होती, ती परत मागायचं कुणाच्या डोक्यातच आलं नव्हतं. तिने कपाट उघडलं. उद्याच्या सभेचं इतिवृत्त वरच होतं.

‘नूतन अध्यक्षांनी ठराव मांडला की, वरच्या मजल्यावरील महिला निवारा दोन महिन्यांत बंद करून तेथे सभागृह करावे. डॉक्टरबाईंनी अनुमोदन दिले. एकमताने मंजूर.’

वर कुणीतरी बादली ओढत होतं, एक पोर भोकाड पसरून रडत होतं. बाईनेच निवारा बंद केला म्हटल्यावर गावात कोण तोंड उघडणार? बंदूक यांची, खांदा हिचा. तिला इतका संताप आला की कपाटाचं दार तिने लाथेने लावलं.

गुरुवारी सचिवसाहेबांनी कागद पुढे सरकवला. “एवढी सही करा बाई, म्हणजे चहा सांगतो.”

“यात लिहिलंय मी ठराव मांडला. मी तर अजून तोंडच उघडलं नाही.”

“ती आपली पद्धतच आहे. तुम्हाला काय नवीन?”

“नवीन नाही, म्हणून तर वाचलं.” तिने कागद पर्समध्ये टाकला आणि कोरी वही काढली. “आज सभा झाल्यावर लिहायचं. ज्यांना निवारा बंद करायचाय त्यांनी एकेकाने बोला. नाव लिहिते, कारण लिहिते, आणि वर जाऊन त्या बायकांना वाचून दाखवते.”

खजिनदार चष्मा पुसायला लागले. एकाला अचानक फोन आठवला. सचिवांनी घसा खाकरला. “तसा कुणाचाच आग्रह नाही.”

“आग्रह नाही, हेही लिहू?”

तिने लिहिलं: ‘निवारा बंद करण्याचा ठराव मांडायला कोणीही पुढे आलं नाही. निवारा चालू राहील.’ डॉक्टरीणबाईंनी ते दोनदा वाचलं आणि पहिली सही केली.

सभा संपल्यावर टाइपबाई बाहेरच्या पायऱ्यांपाशी त्यांच्याजवळ गेली. “माफ करा हं. मला वाटलं तुम्ही त्यांना सामील आहात.”

“माझं नाव त्यात घातलंय, हे मला आज कळलं,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. मग तिच्याकडे टक लावून बघत राहिल्या. “पाच वर्षांपूर्वी इथलं पाळणाघर बंद झालं. त्यालाही म्हणे माझं अनुमोदन होतं. मी त्या सभेला आलेच नव्हते. आजारी होते. नंतर तिथल्या पोरांच्या आयांनी मला रस्त्यात गाठून शिव्या घातल्या. ते कुणी टाइप केलं होतं?”

सगळ्यांवर संशय घेतला होता टाइपबाईने, एक स्वतःला सोडून.

“मीच,” ती म्हणाली. लाजेने तिला मान वर करवेना. “एकोणीस वर्षांचं सगळं मीच टाइप केलंय.”

डॉक्टरीणबाई दोन पायऱ्या उतरल्या. मग थांबल्या.

“कपाटाची किल्ली अजून तुझ्याकडेच आहे ना?”

“आहे.”

“मग उद्या सकाळी येते. जुनी इतिवृत्तं सगळी बाहेर काढून ठेव. आणि जाताना तुझी पर्स माझ्यासमोर उघडायची. माझा अजून तुझ्यावर विश्वास नाही.”