फणसाचा वास आणि हत्तीचं पिल्लू

शालू, हा निरोप ऐकताना मनानं तरी जवळ सरक बघू. एकाच शहरात, येलहंक्यात राहतेस आणि आजीकडे बनशंकरीला यायला सवड नाही? कान धरायला हवा तुझा!

आज दारावर फणसवाला आला, आणि त्या वासानं मला थेट बिळिगिरीच्या डोंगरात नेलं. तुझे आजोबा गाडी चालवत होते. मागे माझ्याशेजारी सासूबाई, डोंगरावरच्या देवासाठी पिकलेला फणस मांडीवर घेऊन. रानातला हत्ती एकदा बघायचा, हा त्यांचाच हट्ट.

"अव्वा, या वासानं हत्ती गाडीत येऊन बसेल हं!" आजोबा त्यांच्या आईला म्हणाले.

आणि चढणीला खरंच दिसली! तळ्याकाठी हत्तीण, तिच्या पायांत पिल्लू.

"दिसली का, अव्वा?" आजोबांनी विचारलं.

"दिसली की! केवढी थोरली!" सासूबाईंनी हात जोडले, ते भलतीकडेच.

मी खो खो हसले. "अहो, ते झाड आहे! हत्तीण इकडे!"

सगळे हसले, त्याही हसल्या. मग हळूच माझ्या कानाशी म्हणाल्या, "पिल्लू कसं आहे गं? स्वल्प सांग की."

"थांबा हो, बघू द्या," मी म्हटलं, आणि बघतच राहिले. देवळापर्यंत त्या फणसावरून हात फिरवत होत्या.

आता माझ्याही डोळ्यांपुढे धुकं असतं. तू तुझ्या बाळाचे फोटो पाठवतेस, मी "गोड आहे हं" म्हणते. खरं सांगू? मला काहीच नीट दिसत नाही गं.

रविवारी ये. फणस ठेवलाय. बाळाला माझ्या मांडीवर दे, आणि शेजारी बसून सांग, नाक कुणासारखं आहे ते.