मारुतीसमोर दिलेलं उत्तर

बायको गेल्यावर मी देवाला हात जोडायचं सोडलं नाही, पण मागायचं सोडलं. आता मागून काय करायचं? त्यात माझं हृदय बिघडलं. बंद नाही पडलं, नुसतं थरथरायचं, ठोक्याला ताल म्हणून राहिला नाही. डॉक्टर म्हणाले, मांडीतून बारीक नळी वर नेऊन हृदयाच्या आत चटके द्यायचे, म्हणजे ताल परत येईल. पण रक्त पातळ करायची गोळी एकही वेळ चुकवायची नाही. हृदय नीट आवळत नाही म्हणून रक्त आत साचतं, त्याची गाठ होते, आणि ती सुटून मेंदूत गेली की अर्धांग.

मी चौथी शिकलेला. उभा जन्म नारायण पेठेत पुस्तकं बांधण्यात गेला. पण अक्कल स्वतःचीच चालवायची, ही खोड. शेजारच्या नानांचं हर्नियाचं ऑपरेशन झालं तेव्हा त्यांची हीच गोळी आधी बंद केली होती. मी म्हटलं, ऑपरेशन म्हणजे रक्त वाहणार, मग पातळ कशाला करून ठेवा? दिली गोळी सोडून. मुलगा खराडीला असतो, त्याला सांगितलं नाही. आणि खरं सांगू का, मनात असंही होतं की गेलो तर गेलो, कोण थांबलंय घरी?

बायको होती तेव्हा मला बीपीची गोळी चालू होती. रोज सकाळी ओट्यापासून विचारायची, "अहो, गोळी घेतलीत का?" मी म्हणायचो, "नाही, कानात घातली." इतक्या वर्षांत सरळ उत्तर एकदाही दिलं नाही. ती बिचारी पाण्याचा पेला पुढे सरकवून कामाला लागायची.

दवाखान्यात भरती व्हायच्या आदल्या दिवशी मारुतीला गेलो. नमस्कार करत होतो, डोळे मिटलेले. मागून आवाज आला, "अहो, सकाळची गोळी घेतलीत का?"

माझ्या तोंडातून निघून गेलं, "नाही घेतली."

वळून बघतो तर एक म्हातारी बाई, शेजारी चपला शोधणारे तिचे यजमान. ती त्यांना विचारत होती. यजमान म्हणाले, "घेतली गं बाई, निदान देवासमोर तरी नको."

"देवासमोरच विचारते. इथे थाप मारता येत नाही." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "आणि तुम्ही हो? नाही घेतली तर घ्या की. आमंत्रण हवंय का?"

मला हसू यायला हवं होतं. मी तिथेच पायरीवर बसलो आणि रडलो. बायको गेल्यापासून मला कोणी अहो म्हटलं नव्हतं.

तिथूनच मुलाला फोन लावला. तो आधी ओरडला, मग धावत आला. डॉक्टरांना सगळं सांगितलं. त्यांनी घशातून नळी घालून हृदय आतून बघितलं. गाठ झालेली होती. मी म्हटलं, "मरणाला मी भीत नाही." डॉक्टर म्हणाले, "आजोबा, मरणाचं कोण बोलतंय? अंथरुणात पडून राहाल, मुलाला हाक मारायला जीभ वळणार नाही."

चटके पुढे ढकलले. मुलगा फोनवर विचारायचा, मी "घेतली" म्हणायचो आणि खरंच घेतलेली असायची. पुढे परत बघितलं तर गाठ विरघळली होती. मग चटके दिले, तेही गोळी चालू ठेवूनच, वर सलाईनमधून रक्त पातळ ठेवायचं औषध देऊन. आता ठोका तालात आहे. गोळी मात्र सुटली नाही. डॉक्टर म्हणतात, ताल आला म्हणून धोका गेला असं नाही.

त्या दिवशी देवळात कोण बोललं, देव की बायको, असं मला लोक विचारतात. ती बाई बोलली, तिच्या नवऱ्याशी बोलली, एवढंच मला ठाऊक. देवापुढे डोकं टेकवणं सोपं असतं, डोकं दगडाला लागतं आणि आपण घरी येतो. सांगितलेलं मुकाट ऐकणं, ती खरी शरणागती. ती मला फार उशिरा जमली.

शनिवारी मारुतीला तेल वाहतो, आभार मानतो. देवाचे आभार मानायला देऊळ आहे. बायकोचे मानायला कुठे जाऊ?