वहिनींच्या रागाला टाळ्या

आमच्या लाँड्रीत दवाखान्यांच्या चादरी धुतल्या जातात. घड्यांच्या टेबलांवर देखरेख करणाऱ्या बाईंना सगळे वहिनी म्हणतात, अगदी मालकसुद्धा. ही त्यांच्या नणंदेची करणी. दोघी एकत्रच कामाला लागल्या. नणंद दिवसभर "वहिनी, कात्री दे गं", "वहिनी, चहा आला" करत राहिली आणि तेच नाव सगळ्यांच्या तोंडी बसलं. वहिनी मात्र नणंदेला वन्सं म्हणतात, आणि लग्नाच्या पहिल्या दिवशी जे "तुम्ही" सुरू झालं ते आजपर्यंत सुटलेलं नाही. वन्संनी लग्न केलं नाही. वहिनींचा नवरा कामासाठी कायम बाहेरगावी, पैसे पाठवले तर पाठवले, त्यामुळे घर या दोघींचंच.

वन्सं मागच्या शिवणखोलीत बसायच्या. फाटक्या चादरींना ठिगळ लावायचं, रुग्णांच्या गाऊनच्या तुटलेल्या नाड्या शिवायच्या. खोलीला एकच खिडकी होती आणि तिच्याखाली वन्संचं मशीन. तिथे बसून त्या मोठमोठ्याने गाणी म्हणायच्या, तीही बेसूर.

मग परदेशातल्या एका बिझनेस स्कूलची मुलं आली. वर्गात शिकलेलं दुसऱ्या देशात प्रत्यक्ष पाहायचं, म्हणून त्यांचे प्राध्यापक त्यांना घेऊन आले होते. सोबत बोलणं उलगडून सांगायला दुभाषी मुलगी. पंधरवडाभर मुलं आमच्यात वावरली. खोटं कशाला बोलू, मुलं गोड होती. चादरीच्या घड्या घालायला शिकली, वाफेने लालबुंद झाली, आमच्याबरोबर जमिनीवर बसून जेवली. कुरळ्या केसांची एक मुलगी तर रोज दुपारी वन्संपाशीच. वन्संनी तिच्या शर्टाचं बटण लावून दिलं. निघताना ती वन्संच्या गळ्यात पडून रडली.

शेवटच्या दिवशी मुलांनी मालकाच्या ऑफिसात पडद्यावर आपलं काम दाखवलं. वहिनी आणि मी मागे उभ्या होतो. भाषा कळत नव्हती, पण पडद्यावर मशीनपाशी हसणाऱ्या वन्सं आल्या तेव्हा वहिनींनी कौतुकाने मला कोपर मारलं. घरी जाऊन वन्संना सांगितलंही, "तुमचा फोटो भिंतभर केला होता त्यांनी!"

पुढच्याच महिन्यात शिवणखोली बंद झाली.

"फाटलेलं शिवण्यापेक्षा नवं घेणं परवडतं," मालक म्हणाला. "त्या मुलांनी सगळं मांडून दाखवलं, वहिनी. तुम्ही होतात की तिथे."

"म्हणजे तो फोटो... त्यासाठी होता?"

"शिकलेली मुलं आहेत ती."

"आणि तुम्ही? तुम्हाला स्वतःचं डोकं नाही?"

वहिनींनी तिथल्या तिथे काम सोडलं असतं. पण आता दोघींचं पोट त्यांच्या एकटीच्या कामावर होतं. त्यांनी दात आवळले आणि टेबलाशी परत आल्या. वन्सं घरी बसल्या. दिवसा झोपायला लागल्या, गाणं तर थांबलंच. एकदा जेवताना म्हणाल्या, "त्या कुरळ्या पोरीवर नको रागवूस गं. चांगली होती."

वहिनींनी ताट बाजूला सारलं. "वाईट असती तर तुम्ही तिला जवळ बसवली असतीत का?"

वर्ष फिरलं आणि नवी मुलं आली. प्राध्यापक तेच. मालक सकाळीच येऊन सांगून गेला, "वहिनी, जरा हसून बोला हं."

मुलं टेबलाभोवती जमली. दुभाषी मुलीने विचारलं, "तुमच्या कामाबद्दल सांगाल?"

वहिनींनी हातातली चादर टेबलावर आपटली. "सांगते. मागल्या वर्षी तुमच्यासारखीच पोरं आली. माझ्या नणंदेच्या शेजारी बसली, तिच्या डब्यातलं खाल्लं, आणि जाताना तिच्या पोटावर पाय देऊन गेली. तोंडावर एक शब्द बोलली नाहीत. तुझी नोकरी आम्ही घालवतोय, एवढं तिला सांगायला जीभ झडली होती का?"

दुभाषी मुलगी चाचरत काहीतरी बोलली.

"गुळगुळीत करू नकोस, पोरी! जसंच्या तसं सांग."

तिने सांगितलं असावं, कारण मुलांचे चेहरे उतरले. मग प्राध्यापक हळू आवाजात काहीतरी बोलले आणि टाळ्या वाजवू लागले. मुलांनीही वाजवल्या. एकीने डोळे पुसले, दोघं-तिघं भराभर लिहून घेत होते.

"काय म्हणतायत ते?" वहिनींनी विचारलं.

"म्हणतायत की... पुस्तकात न मिळणारी गोष्ट आज मुलांना मिळाली. तुमचे आभार मानतायत."

मी वहिनींना इतकी वर्षं ओळखते, पण तसा चेहरा कधी पाहिला नव्हता. "टाळ्या कसल्या वाजवताय? मी काय नाटक करतेय? माझ्या नणंदेला परत घ्यायला लावणार आहात का, तेवढं बोला."

उत्तर आलं, की ते आमच्या हातात नाही, आम्ही फक्त अभ्यास करतो.

"मग कुणाच्या हातात आहे?"

दाराशी उभा असलेला मालक मोबाइल काढून बघू लागला. वहिनी वळल्या आणि धुलाईच्या ड्रमच्या खोलीत निघून गेल्या.

नंतर मालकाने निरोप आणला, की प्राध्यापकांना दरवर्षी अर्धा तास वहिनींचं बोलणं हवंय. "तुमच्या बोलण्याचं फार कौतुक केलं त्यांनी."

"माझा राग तुमच्या पाहुण्यांसाठी मांडून ठेवलेला नाही," वहिनी म्हणाल्या. पुढच्या वर्षी मुलं येतील त्या पंधरवड्याची रजा त्यांनी आधीच टाकून ठेवली.

वन्सं आता एका शिंप्याकडे काज-बटणं करतात. मशीन तिथे शिंप्याचं, त्याला हात लावायचा नाही.

यंदाही मुलं आली. घड्या बघता बघता एका मुलाने दुभाष्याकरवी मला विचारलं, "ती रागावणारी बाई कुठे आहे? आम्हाला वर्गात तिच्याबद्दल शिकवलंय." ती रजेवर आहे म्हटल्यावर बिचारा हिरमुसला.

वहिनी रजेवरून आल्यावर मी त्यांना हे सांगितलं. त्यांनी चादरीचं एक टोक माझ्या हातात कोंबलं आणि दुसरं धरून अशी झटकली, की माझे दोन्ही खांदे हलले.