शेबेने दाखवलेला किल्ला

शेबवाना ओमारी, आमचा शेबे, माझ्या समोरच्या घरात राहतो. मोंबासाच्या जुन्या वस्तीतली आमची गल्ली इतकी अरुंद की त्याच्या घरात चमचा पडला तरी मला ऐकू येतो. मी घड्याळं दुरुस्त करतो. दुकान म्हणजे घराची पुढची खोली. त्यामुळे तो कधी बाहेर पडला आणि कधी परतला, हे मी एकतीस वर्षं बघत आलोय.

शेबे समुद्राकाठच्या जुन्या पोर्तुगीज किल्ल्यावर गाइड होता. तरुणपणी एका हॉटेलच्या स्वयंपाकघरात भांडी घासताना इटालियन शिकला, पुढे जर्मन. शर्ट कडक इस्त्रीचा, डोक्यावर भरतकामाची गोल टोपी. सगळे त्याला म्वालिमू म्हणत, म्हणजे मास्तर. आणि तो होताच मास्तर. कोणी काही विचारलं आणि त्याला ठाऊक नसलं, तर तो पत्ता मागून घ्यायचा आणि शोधून पत्राने कळवायचा.

त्याची बायको बी कोम्बो म्हणायची, "घरात मी चार प्रश्न विचारले तर एकाला 'हं' म्हणतो. परदेशी बाई दिसली की मात्र पोर्तुगीजांच्या सात पिढ्या!"

किल्ल्याच्या दारासमोर चौक आहे. बस तिथेच थांबतात, कांगा, म्हणजे छापील वस्त्रं, विकणाऱ्या बायका तिथेच, आणि हातगाडीवर शहाळी विकणारा कारिसा तिथेच. कारिसा गिर्यामा जमातीचा, शेबे आमच्यातला, स्वाहिली, पण दोघांचं मैत्र वीस वर्षांचं. शेबे लोकांना घेऊन बाहेर आला की कारिसा ओरडायचा, "सोडलंस एकदाचं बिचाऱ्यांना? या बाई, पाणी प्या, डोकं दुखत असेल!"

चार वर्षांपूर्वी एका मंगळवारी एक तरुण एकटाच आला. चष्मा लावलेला, बोलायला अतिशय नम्र. नैरोबीत शिकतो म्हणाला. "म्वालिमू, सगळे म्हणाले तुम्हीच सांगा, दुसरं कोणी नको." एवढं पुरे होतं. शेबेने त्याला दीड तास फिरवलं.

मुलगा कागद बघून प्रश्न विचारत होता. भिंती किती जाड? गर्दी कधी असते?

"शनिवारी. जहाज बंदराला लागलं की साडेदहापर्यंत चौक भरतो."

"आणि एवढ्या माणसांना बाहेर पडायला दार एकच?"

"एकच," शेबे म्हणाला, "तीच तर बांधणाऱ्यांची हुशारी."

मुलाला फोन आला. "हो, बघतोय. एकच आहे," एवढं बोलून त्याने ठेवला. मग वस्तू मांडून ठेवलेल्या मोठ्या दालनात शेबेने त्याला भिंतीवर हात ठेवायला लावलं आणि सांगितलं, की वेढ्याच्या काळात बायकापोरं इथे लपत असत. फक्त खाली समुद्राकडे उतरणारा बोळ तेवढा दाखवायचा राहिला. दुरुस्ती चालू होती, पायऱ्या निसरड्या होत्या आणि शेबेचा गुडघा दुखत होता. बाहेर आल्यावर कारिसाने मुलाला शहाळं सोलून दिलं, वर मलईही काढून दिली. "किती वाळलायस रे! नैरोबीत खायला घालत नाहीत का?"

त्याच शनिवारी दहा चाळीसला चौकात स्फोट झाला. माझ्या दुकानातली भिंतीवरची घड्याळं खाली आली. पाठोपाठ गोळ्या. आमच्या गल्लीतून माणसं अनवाणी पळत गेली, एका बाईच्या अंगावर तर कोणाचं तरी रक्त होतं आणि ती स्वतःला चाचपत, "माझं आहे का? माझं आहे का?" असं विचारत होती. मी दार लावून घेतलं.

शेबे तेव्हा वरच्या बुरुजावर अकरा इटालियन लोकांबरोबर होता. आवाज झाला तसे सगळे दाराच्या दिशेने धावले. दार एकच आहे हे त्यांना त्यानेच अर्ध्या तासापूर्वी सांगितलं होतं. तो जिन्यात आडवा उभा राहिला, हात पसरले आणि आयुष्यात कधी ओरडला नव्हता असा ओरडला. "तिकडे नाही! माझ्यामागे!" वाटेत भेटेल त्याला ओढत तो बोळाकडे निघाला. शाळेच्या सहलीला आलेल्या मुली, त्यांच्या बाई, एक म्हातारा जर्मन. बोळाच्या तोंडाशी जाळीला कुलूप होतं. दुरुस्तीवाल्यांचा लोखंडी पाइप पडलेला होता. शेबेने आणि एका दांडग्या इटालियनाने तो घालून कोयंडा उपटला. भरती ओसरलेली होती. त्रेचाळीस माणसं खडकांवर उतरली आणि कोळ्यांनी त्यांना होड्यांत घेतलं.

त्या इटालियनांतली ओर्नेला नावाची एक वयस्कर बाई मागे राहिली होती. तिला आणायला तो पुन्हा वर गेला. तिला खांद्याचा आधार देऊन वळताना त्याला पटांगण दिसलं. चष्मेवाला मुलगा पटांगणातून चालत होता. पळत नव्हता. वाट माहीत असलेल्या माणसासारखा सरळ मोठ्या दालनाकडे गेला. माणसं तिथेच लपली होती.

एकोणीस मेले. कारिसा चौकात, स्फोटातच. हल्लेखोर दोघे होते, पोलिसांनी दुपारपर्यंत दोघांनाही मारलं.

शेबे घरी आला तो खारं पाणी आणि चुना अंगावर घेऊन. गल्लीने त्याला मिठ्या मारल्या. पुढचं बी कोम्बोने मला कितीतरी दिवसांनी सांगितलं. तो न्हाणीघराच्या उंबऱ्यावर बसला आणि म्हणाला, "त्याला मी दाखवलं, कोम्बो. सगळं मीच दाखवलं."

ती हुशार बाई. क्षणात तिने दाराची कडी लावली. "हे तू मला सांगितलंस, संपलं. आता तोंडातून काढायचं नाही."

"पोलिसांना सांगायला हवं."

"वेडा आहेस का? कोपऱ्यावरच्या सालीमचा मुलगा चौकशीला नेला होता, तो आला का परत? तो तर नुसता मशिदीत दिसला होता. तू त्या माणसाला हात धरून फिरवलंयस! आणि सांगून काय, मेलेले उठून बसणार आहेत?"

"फोनवर कोणीतरी होतं. कागदावरचे प्रश्नही त्याने लिहिलेले नव्हते, त्याला अक्षर लागत नव्हतं. तो लिहिणारा जिवंत आहे."

"असू दे!"

"आणि हा राहत कुठे होता तेही मला बोलला. खाली बेकरी आहे, पावाच्या वासाने जाग येते म्हणाला. फेरीबोटीच्या धक्क्यापाशी तसं एकच घर आहे."

ती रडली, भांडली, त्याची चप्पल लपवून ठेवली. रविवारी सकाळी तो शर्टाला इस्त्री करून शेजाऱ्याची चप्पल घालून गेला. ती शेजाऱ्याची म्हणजे माझी. कशाला हवी, मी विचारलं नाही.

बेकरीच्या वरच्या खोलीत त्याच दिवशी दोन माणसं आणि स्फोटकांच्या दोन पिशव्या सापडल्या. वर्तमानपत्रात आलं, तपास यंत्रणांनी शिताफीने शोध लावला. शेबेचं नाव कुठेही नव्हतं. तोही कुठेच नव्हता.

बी कोम्बो रोज पोलीस चौकीवर डबा घेऊन जायची. दारावरचा शिपाई म्हणायचा, "आई, या नावाचा इथे कोणी नाही." ती समोरच्या झाडाखाली संध्याकाळपर्यंत बसायची आणि डबा परत आणायची. आतमध्ये त्याला एकच प्रश्न वेगवेगळ्या तोंडांनी विचारत होते. "त्याला सगळं दाखवलंस, मग समुद्राकडचा बोळच का नाही? तुला माहीत होतं, आपल्याला पळायला लागणार." गुडघा दुखत होता, हे उत्तर कोणाला पटेल? त्याच्या तळपायांवर मारलं. डाव्या कानावर मारलं, तो कान गेला.

माझ्याकडेही साध्या कपड्यातले दोघे आले. "समोरच्याला ओळखतोस?"

मी घड्याळावरून मान वर न करता म्हणालो, "जाता-येता बघतो. तशी ओळख नाही."

सत्तावीस वर्षं. त्याच्या मुलीच्या लग्नात मी भात वाढलाय.

तेविसाव्या दिवशी तो सुटला, आणि तोही कोणाच्या दयेने नाही. ओर्नेलाबाईंनी त्यांच्या सरकारला लिहिलं होतं, की आमचा जीव वाचवणाऱ्या गाइडला पदक द्या. वकिलातीतला माणूस पदकासाठी पत्ता विचारत आमच्या गल्लीत आला. बी कोम्बोने त्याला आत घेतलं, गोड तळलेल्या मंडाझी आणि चहा पुढे ठेवला आणि म्हणाली, "पदक देताय? मग आधी माणूस शोधून द्या." दोन दिवसांनी एका गाडीने शेबेला गल्लीच्या तोंडाशी उतरवलं. पदकाच्या समारंभाला तो गेला नाही.

गल्लीचे दोन तट पडले होते. काही म्हणत, सामील होताच तो, उगाच का धरतील? काही म्हणत, खबऱ्या आहे, आपलीच पोरं पकडून दिली. कॉफीच्या बाकावर तो येऊन बसला की माणसं कप अर्धवट ठेवून उठत. मी उठलो नाही, एवढंच माझ्या बाजूने सांगता येईल. एके दिवशी त्याला म्हणालो, "मी तुझी ओळख नाकारली होती." त्याने उजवा कान पुढे केला. मला पुन्हा म्हणावं लागलं, मोठ्याने, सगळ्या बाकासमोर.

"बरं केलंस," तो म्हणाला. "आपण दोघांनी मार खाऊन काय मिळालं असतं?"

किल्ला चार महिन्यांनी उघडला. त्याचा परवाना "चौकशी पूर्ण होईपर्यंत" अडकला तो अडकलाच. दर सोमवारी चौकीत सही करायची, शहर सोडायचं नाही.

पण परवानगी काढून एकदा तो कारिसाच्या गावी गेला. मी बरोबर होतो. कारिसाची बायको काद्झो अंगणात मका सोलत होती. शेबे उभ्याउभ्याच सगळं बोलला. मंगळवार, कागद, दार, दालन. काही गाळलं नाही.

बराच वेळ तिचे हात चालूच होते. मग तिने विचारलं, "तो पोरगा माझ्या नवऱ्याच्या हातचं पाणी प्यायला?"

"प्यायला."

"मलई दिली असेल कारिसाने. सगळ्यांना द्यायचा."

"दिली."

तिने कणसं बाजूला सारली. "म्वालिमू, तू आलास, सांगितलंस. मी तुला शाप देत नाही. पण पुन्हा येऊ नकोस. तू बोलतोस तेव्हा मला तुझ्याशेजारी तो दिसतो." कोण, ते तिने सांगितलं नाही. आम्ही विचारलं नाही.

शेबे पुन्हा तिकडे गेला नाही.

चार वर्षं तो सह्या करत राहिला. पावसात, तापात, रमजानच्या उपवासात. गेल्या सोमवारी चौकीत नवा पोलीस होता. त्याने दोन कपाटं उघडून पाहिली आणि वयाचा मान ठेवून म्हणाला, "म्झे, तुमचं नाव कुठेच नाही. तुम्हाला कोणी बोलावलं?"

"मी चार वर्षं येतोय."

"कशासाठी?"

पोलीस वाईट नव्हता, त्याने खुर्ची दिली, पाणी दिलं. "घरी जा. कोणी काही विचारलं तर माझं नाव सांगा."

तो आला तेव्हा मी दुकानात होतो. बी कोम्बो ओट्यावर नारळ किसत बसली होती. त्याने तिला सांगितलं. तिने किसणी खाली ठेवली, पदराने तोंड पुसलं आणि आत जाऊन त्याच्यासाठी पाट मांडला. "ये, जेवून घे," म्हणाली. तो दारातच उभा राहिला. मी हाक मारली, पण मी त्याच्या डाव्या कानाच्या बाजूला होतो.